सरावाचे दिवस

अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत ऑगस्टा येथें 'मास्टर्स' नांवाचा गोल्फचा मोठा सामना भरतो. बॉबी जोन्स व क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनीं तो १९३४ सालीं सुरू केला. सामना गुरुवार ते रविवार चालतो. त्यापूर्वीचे तीन दिवस सरावाचे. त्या दिवसांसाठींहि प्रेक्षक तिकिटें काढून येतात. छायाचित्रें घेण्याची मुभा त्यांस तेव्हांच असते.

त्या दिवशीं गुण मांडीत नाहींत. नामांकित खेळाडू एकाच हिरवळीवर चेंडू निरनिराळ्या जागीं ठेवून पुनःपुनः मारून पाहतात. सोळाव्या खळीपाशीं, लोकांच्या आग्रहास्तव, मुलें चपटा दगड फेकतात तसा ते चेंडू तळ्याच्या पाण्यावरून टप्पे खात पलीकडे धाडतात. तो बुडाला तर तेहि हंसतात!

विद्यार्थिमित्रहो, जगद्विख्यात खेळाडू चुकलेला फटका चारचौघांदेखत पुन्हां मारण्यास लाजत नाहींत. आणि चुकलेलें गणित हातानें झांकणारीं मुलें मात्र आम्ही वर्गांत रोज पाहतों. हा दोष केवळ मुलांचा नव्हे. आम्ही शिक्षक व आपण पालक बहुधा निकालाच्याच दिवशीं प्रेक्षक होतों. सरावाच्या दिवशींहि आपण त्यांच्याजवळ बसूं या. म्हणजे झांकलेला हात आपोआप बाजूस होईल.