सायकलची नाडीपरीक्षा
(विज्ञान कोपरा – इयत्ता सातवी)



आपण आजारी पडलो की डॉक्टर लगेच सुई टोचत नाहीत. आधी नाडी पाहतात, जीभ पाहतात, "कधीपासून दुखतंय? काय खाल्लं होतं?" असे विचारतात. मग औषध देतात. सायकलचेही असेच आहे. पण आपण काय करतो? सायकल कुरकुरली की दुकानात नेतो आणि म्हणतो, "टाका नवीन!" आमच्या घरी हेच झाले. त्यात माझीही चूक होती. म्हणून हा पाठ मीच लिहायला घेतला.

माझा दादा अकरावीला आहे. कॉलेज तालुक्याला, १२ किलोमीटरवर. त्याच्याकडे जुनी घेतलेली रेसची सायकल आहे. पातळ टायर, वाकडे हँडल, मागे सात दातेरी चक्रे, पुढे वेग दाखवणारा छोटा मीटर. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आपणही ती शर्यत पळावी असे दादाच्या मनात आहे.

दिवाळीनंतर सायकल बिघडली. चढावर जोर लावला की चेन कटकट करून एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारायची. दुकानात नेली. "चेन झिजली, मागची चक्रेही गेली," असे सांगून दोन्ही बदलले. १४०० रुपये झाले. एवढे पैसे म्हणजे आईची चार-पाच दिवसांची मजुरी. परत येताना वाटेतच पुन्हा कटकट! बाबा चिडले. म्हणाले, "विकून टाक ती. एस. टी. चा पास काढ गपगुमान."

रविवारी आमचे गुरुजी घरी आले होते. त्यांनी सायकल गोठ्याबाहेर घेतली आणि चार प्रश्न विचारले. हे प्रश्न सर्वांनी वहीत लिहून घ्यावेत.

१) नक्की काय होते?
२) केव्हा होते? पेडल मारताना, नुसती चालताना की ब्रेक दाबल्यावर?
३) बिघाड सुरू होण्याआधी काय घडले होते?
४) पैसे न खर्चता आधी काय तपासता येईल?

आता एकेक भाग पाहू.

चाक आणि हवा

सर्वांत जास्त तक्रारी हवेच्या असतात. रेसच्या सायकलच्या टायरला साध्या सायकलपेक्षा जास्त हवा लागते. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेले असते. तिचा व्हॉल्व्ह बारीक असतो आणि टोकाला चिमुकला नट असतो. हा नट सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. पुष्कळ जण नट न सोडताच पंप मारतात आणि पंपाला नावे ठेवतात.

पंक्चर झाले तर भोक कुठे आहे ते नीट पाहा. तेच कारण सांगते. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच समजावी. टायरच्या आतून फडके फिरवून बाभळीचा काटा काढून टाका. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. शेजारी शेजारी दोन भोके असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकून स्पोकचे टोक लागले असेल.

चाक उचलून फिरवा. रिम दर फेऱ्याला एकाच ठिकाणी ब्रेकच्या रबराला घासत असेल तर चाक 'आऊट' आहे. स्पोक एकेक दाबून पाहा. सैल असलेला लगेच हाताला कळतो. चाक डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखडले तर आतले छर्रे सैल आहेत.

आवाजाची भाषा

आवाज आला की चालत्या सायकलवर पेडल मारणे थांबवा. आवाज थांबला तर बिघाड पेडल, क्रँक, चेन किंवा गियर यांत आहे. चालूच राहिला तर चाकात किंवा ब्रेकमध्ये आहे.

मग मोजा. समजा पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६ दाते आहेत. मग पेडलच्या एका फेऱ्यात चाक ४८ ÷ १६ = ३ फेरे फिरते. पेडलच्या एका फेऱ्यात आवाज एकदा आला तर दोष पेडलकडे, तीनदा आला तर चाकाकडे. गणिताचा असाही उपयोग होतो हे मला तेव्हा कळले.

चेन आणि गियर

चेन खरोखर झिजली की नाही हे सुताराच्या लोखंडी टेपने पाहता येते. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच असतो. म्हणून २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. १२ इंच आणि वर एक सोळांश इंच भरल्या तर चेन बदलायची वेळ झाली. वर एक अष्टमांश इंच भरल्या तर चेनने मागच्या चक्रांचे दातेही खाल्ले असे समजावे.

दादाने दुकानातून जुनी चेन परत आणली होती. गुरुजींनी मोजली. १२ इंचांच्या वर केसभरच! म्हणजे चेन चांगली होती. मग कटकट कशाची?

गियर बदलणारी वायर सैल असली तरी कटकट होते. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुर करत असेल तर वायर सैल आहे. वायर मागच्या गियरमध्ये शिरते तिथे एक खरबरीत गोल नट असतो. मागे उभे राहून तो घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवला की वायर ताणते. चेन लहान चक्रावर उतरायला वेळ लावत असेल तर वायर जास्त ताणलेली आहे किंवा वायरच्या नळीत गंज, माती आहे. दर वेळी पाव फेराच फिरवा आणि पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

गुरुजींनी नट फिरवून पाहिला. मधल्या चक्रांवर बरे झाले, मोठ्या चक्रांवर पुन्हा कटकट. मग ते सायकलच्या मागे उकिडवे बसले आणि आम्हाला म्हणाले, "इथून बघा." चेन ताणून धरणारी दोन लहान दातेरी चाके मागे लोंबतात. ती वरच्या चक्राच्या बरोबर खाली, एका सरळ रेषेत हवीत. इथे ती आत, स्पोककडे झुकली होती. गियर ज्या पट्टीला अडकवलेला असतो तिला हँगर म्हणतात. तो वाकला होता.

गुरुजींनी तिसरा प्रश्न विचारला, "सायकल उजव्या अंगावर पडली होती का?"

दादा म्हणाला, "नाही, गुरुजी."

मी गप्प होते. पंधरा दिवसांपूर्वी गोठा झाडायला मी सायकल बाहेर काढून मेढीला टेकवली होती. वासराने हिसका दिला आणि सायकल दगडावर पडली. घरात कोणी नव्हते. मी उचलली, माती पुसली आणि ठेवून दिली. वरून काहीच मोडलेले दिसत नव्हते. मला वाटले, कशाला सांगायचे?

मग मी सगळे सांगितले. बाबा काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आधी बोलली असतीस तर पैसं वाचलं असतं, बाय." दादाने मला रागावून पाहिले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

गुरुजी म्हणाले, "दुकानदाराने विचारले नाही, तुम्ही सांगितले नाही. पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे." ती गोष्ट अशी. हँगर आत वाकलेला असताना चढावर चेन सर्वांत मोठ्या चक्रावर टाकली की गियर स्पोकमध्ये अडकू शकतो. चाक जागच्या जागी थांबते आणि माणूस रस्त्यावर पडतो. मागून ट्रक येत असेल तर काय होईल, हे मला त्या रात्री सारखे दिसत होते.

तालुक्याच्या मिस्तरींनी २५० रुपयांत नवा हँगर बसवला. कटकट बंद झाली. जुनी चेन दादाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. ती पुढे कामाला येईल.

चेनला तेल थेंबथेंब घालावे, पेडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुसून टाकावे. गोडेतेल घालू नये, ते चिकट होऊन माती धरते.

ब्रेक

गियर बिघडला तर उशीर होतो. ब्रेक बिघडला तर जीव जातो. ब्रेकचा दांडा दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर वायर सैल आहे किंवा रबर झिजले आहे. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. रबर रिमलाच लागले पाहिजे. टायरला लागले तर टायर फाटते. रिमवर तेल सांडले असेल तर ते साबणाने धुवा. दांड्याजवळ वायरचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी वायर नवी टाका. यात काटकसर करू नये.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली खटखट झाली तर तिथले छर्रे सैल आहेत.

मीटर आणि दिवा

मीटरची गंमत पाहा. स्पोकवर लहान चुंबक असते आणि चिमट्यावर सेन्सर. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला चुंबक सेन्सरसमोरून जाते आणि मीटर एक फेरा मोजतो. चाकाचा घेर त्याला आधी सांगून ठेवलेला असतो. फेरे गुणिले घेर म्हणजे अंतर.

मीटर शून्यच दाखवत असेल तर क्रमाने पाहा: चुंबक सरकले का? ते सेन्सरपासून लांब गेले का? वायर असल्यास ती तुटली का? शेवटी सेल बदला. मीटरमध्ये बहुधा बटणासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. हा सेल लहान भावंडांच्या हाती देऊ नका. कोणी गिळला तर क्षणभरही न थांबता दवाखान्यात न्या. त्याने घशाला व पोटाला आतून जखम होते.

दादाचा मीटर चालत होता, पण १२ किलोमीटरचे १३ दाखवायचा. आम्ही व्हरांड्यात खडूने रेघ मारली, दादाला सायकलवर बसवले आणि चाक एक फेरा पुढे नेले. अंतर भरले २१० सेंटिमीटर ५ मिलिमीटर. मीटरमध्ये मात्र २२८ सेंटिमीटर ८ मिलिमीटर घातलेले होते. तो घेर मोठ्या चाकाचा! मीटर बिघडलेला नव्हता, त्याला चुकीचे सांगितलेले होते.

मागचा लाल दिवा लागत नव्हता. सेल नवे होते. आत पाहिले तर स्प्रिंगवर हिरवट थर. विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत परिपथ आठवा. वाट कुठेही तुटली की वीज वाहत नाही. सेल काढून काचकागदाने स्प्रिंग घासली आणि दिवा लागला.

आता मोठ्या शर्यतींत विजेवर चालणारे गियरही असतात. जपानच्या शिमानो कंपनीने ते रेसच्या सायकलींसाठी २००९ साली बाजारात आणले. बटण दाबले की छोटी मोटर चेन हलवते. त्यांचीही नाडी अशीच पाहतात. आधी बॅटरीत चार्ज आहे का, मग वायर नीट खोचलेली आहे का. चार्ज संपत आला की आधी पुढचा गियर हलायचा थांबतो, मग मागचा. सायकल पडली तर मोटर वाचावी म्हणून मागचा गियर काही वेळा काम करणे बंद करतो आणि तो पुन्हा चालू करावा लागतो. म्हणजे एवढ्या महागड्या सायकललाही पहिला प्रश्न तोच: पडली होती का?

निघण्यापूर्वी रोज पाहा

हवा – बोटाने दाबून.
ब्रेक – दोन्ही दाबून.
चाके – पक्की बसली आहेत का?
चेन – कोरडी की तेल लावलेली?
दिवा – लागतो का?

एवढ्याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

करून पहा

१) आपल्या घरच्या सायकलच्या चाकाचा घेर मोजा. एका किलोमीटरला किती फेरे होतील? (दादाच्या सायकलचे उत्तर: सुमारे ४७५.)
२) पुढच्या व मागच्या चक्राचे दाते मोजून भागाकार करा.
३) २४ कड्या मोजा आणि चेनची झीज सांगा.

पालकांना एक विनंती. घरातली वस्तू मुलाच्या हातून पडली आणि त्याने येऊन सांगितले, तर आधी ऐकून घ्या. ओरडायचे असेल तर नंतर ओरडा. आणि मित्रमैत्रिणींनो, आपण सांगायला उशीर करू नये. त्या दोन दिवसांनंतर दादा माझ्याशी बोलू लागला. आता दर रविवारी सायकल पुसायचे काम माझ्याकडे आहे, आणि तो कॉलेजला निघण्याआधी हँगर सरळ आहे की नाही ते मागे बसून मीच पाहते.