शिंदळ माकुडी कुंडीत वाढवताना

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर शिंदळ माकुडी उगवते. महाराष्ट्राबाहेर निसर्गात ती आढळत नाही. 1860च्या दशकात डाल्झेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव मिळालं. तिच्या नात्यातल्या माकडशिंगांना पानं नावापुरतीच असतात. हिला मात्र पावसाळ्यात भरपूर पानं येतात. कोरड्या दिवसांत ती गळतात आणि मांसल खोडात साठवलेल्या पाण्यावर झाड तग धरतं.

मी राहते त्या खाडीकाठच्या सीवूड्समध्ये तिचा खरा शत्रू म्हणजे साचलेली ओल. माझं रोप नर्सरीतून आलं ते निव्वळ कोकोपीटमध्ये. जुलैत खाडीकडून आलेला तिरका पाऊस ग्रिलमधून आत येत राहिला आणि ऊन काही पडेना. खोड बुडाशी पाणचट दिसू लागलं, बोटाने दाबलं की आत जाई. धारदार, स्वच्छ ब्लेडने वरचा भाग कापत गेले; काप आतून पूर्ण हिरवा दिसला, तपकिरी डाग उरला नाही, तिथे थांबले. तो तुकडा सावलीत ठेवला, काप कोरडा होऊन बंद झाल्यावर भरड रेतीत टेकवला. बुडखा गेला, पण झाड वाचलं.

म्हणून सांगते, रोप घरी आणल्यावर मुळांभोवतीचं कोकोपीट आधी काढा. उथळ मातीची कुंडी घ्या. भरड रेती आणि विटेचे बारीक तुकडे जास्त, कुजलेलं खत थोडं, असं मिश्रण करा. वरून ओतलेलं पाणी लगेच खालून बाहेर पडलं पाहिजे. कड्यावर धो धो पाऊस पडतो, पण कपारीत पाणी थांबत नाही. खाली ताटली ठेवू नका. जून ते सप्टेंबर कुंडी पावसाच्या माऱ्यातून आत घ्या. मात्र सकाळचं ऊन आणि खेळती हवा सोडू नका. पेरांत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

हिवाळ्यात पानं गळली की शेजारच्या काकू हमखास म्हणतात, ‘‘अगं, वाळलं ते, पाणी घाल.’’ घालू नका. खोड टणक आहे तोवर झाड जिवंत आहे. खोडाला सुरकुत्या पडल्या तरच थोडं पाणी द्या. नवी पालवी फुटल्यावर ते वाढवा.

पावसाळा सरता सरता पिवळ्या खुणांची गडद लालसर, चांदणीसारखी फुलं येतात. ती पाहून गडावरून फांदी तोडून आणायचा मोह कुणालाही होईल, पण तिथली एकेक जाळी मोलाची आहे. हिची फांदी सहज मूळ धरते, तेव्हा लागवडीतल्या झाडाचीच मागा आणि आपली वाढली की पुढे वाटा.