पिकअपचा मागील एक्सल बदलताना : चढाचा हिशेब आणि उताराची जबाबदारी

कोकणातून घाटमाथ्यावर मालवाहतूक करणाऱ्या पिकअपच्या धंद्यात आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी आहेत. कोणी मासळी नेतो, कोणी आंबा, कोणी परतीला भाजीपाला व सिमेंट आणतो. या गाड्यांची दुरुस्ती करणारी गॅरेजेसही अनेक बांधव चालवितात. या मंडळींची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : "गाडी सपाटीला छान पळते, पण कुंभार्ली किंवा आंबा घाटात दम तोडते, आणि उतरताना ब्रेकचा वास येतो." मग कोणीतरी सल्ला देतो की, दुसऱ्या मोठ्या गाडीचा मागील एक्सल आणून बसवा, दोन्ही रोग एकदम बरे होतील.

हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो अर्धवट समजून केलेले काम माल, गाडी आणि प्रसंगी माणूस घेऊन जाते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

गुणोत्तराचा हिशेब

मागील एक्सलच्या पोटात क्राऊन आणि पिनियन हे दोन दाते असलेले भाग असतात. क्राऊनला ४१ दाते व पिनियनला १० दाते असतील तर गुणोत्तर ४.१० होते, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सुमारे चार वेळा फिरला की चाक एकदा फिरते. पिनियन ९ दात्यांचा घेतला तर हेच गुणोत्तर ४.५६ होते. इंजिन तेच, गिअरबॉक्सही तीच. पण चाकाला मिळणारा जोर सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. चढावर जिथे पहिला गिअर टाकावा लागत होता तिथे दुसऱ्यावर काम भागू शकते. उतारावर इंजिनाची रोखही तेवढीच वाढते, हा दुसरा फायदा.

आता खर्चाची बाजू. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४५५ वेळा फिरते. टॉप गिअर सरळ असेल, तर ४.१० गुणोत्तराला इंजिन सुमारे १,८६० फेरे घेईल आणि ४.५६ ला सुमारे २,०७०. म्हणजे सपाट महामार्गावर इंजिन कायम जास्त फिरणार, आवाज वाढणार आणि डिझेलही बहुधा जास्त लागणार. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा घाट चढते व बाकी दिवस महामार्गावर धावते, त्याला हा सौदा तोट्याचा आहे. ज्याचा रोजचा रस्ताच घाटाचा आहे, त्याला तो परवडेल. गाडीचा रस्ता पाहून गुणोत्तर ठरवावे, शेजाऱ्याची गाडी पाहून नव्हे.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ जण गाडी उंच दिसावी किंवा जास्त माल पेलावा म्हणून मोठे टायर घालतात आणि मग ओढ कमी झाल्याची तक्रार करतात. टायरचा व्यास १० टक्के वाढला, तर चाकाचा जोर जवळपास तेवढाच घटतो. अशा गाडीला आधी कंपनीने सांगितलेल्या मापाचे टायर घालून पाहावे. एक्सलला हात लावण्याची गरजच पडणार नाही, असेही होऊ शकते. क्लच घसरणे, एअर फिल्टर तुंबणे, ब्रेक लायनर ड्रमला घासत राहणे, हेही आधी तपासावे.

ब्रेकची बाजू

गाडी व माल मिळून ३ टन वजन ६०० मीटर खाली उतरते, तेव्हा त्या उताराची सारी शक्ती कुठेतरी जिरावी लागते. काही भाग हवेचा अडथळा व इंजिन घेते; उरलेली ब्रेकमध्ये उष्णता बनते. सगळी शक्ती ब्रेकनेच घेतली असे धरले, तर त्या उष्णतेत सुमारे ६० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. ड्रम का तापतात, वास का येतो आणि पेडल अचानक खाली का जाते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे ब्रेक ऑइलकडे विशेष लक्ष द्यावे. हे तेल हवेतील ओल शोषते. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओल शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १४० अंशांची आहे. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दबते आणि ब्रेक लागत नाही. कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे तेच तेल ठेवून मोठ्या एक्सलचा खर्च करणे म्हणजे भोक तसेच ठेवून घागर भरणे होय.

मोठे ड्रम किंवा डिस्क असलेला एक्सल बसविल्यास उष्णता पेलण्याची ताकद वाढते, हे खरे. पण मागील व्हील सिलिंडर मोठे झाले, तर मूळ मास्टर सिलिंडर त्यांना पुरेसे तेल देईलच असे नाही. पेडल खोल जाते. उलट मागील ब्रेक पुढच्यापेक्षा जोरदार झाले, तर रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून फिरते. पुष्कळ पिकअपना भारानुसार मागील ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असतो. तो काढून टाकणे किंवा अंदाजाने बांधून ठेवणे हा गुन्हाच समजावा.

अमेरिकेतील एक दाखला

हे काम किती बारकाईचे आहे, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एक दाखला घेऊ. तेथील फोर्ड रेंजर या छोट्या पिकअपच्या बऱ्याच गाड्यांना साडेसात इंची क्राऊनचा व ड्रम ब्रेकचा मागील एक्सल असे. त्याच कंपनीच्या १९९५ ते २००१ मधील एक्सप्लोरर गाडीला ८.८ इंची क्राऊनचा व डिस्क ब्रेकचा एक्सल होता. चाकाच्या बोल्टची भोकेही जुळत. म्हणून भंगारातील एक्सप्लोररचा एक्सल रेंजरला बसविण्याची चाल तेथे पडली.

तरीही तो नुसता बोल्ट काढून बोल्ट लावण्याचा प्रकार नव्हता. एक्सप्लोररचे पाटे एक्सलच्या खालून जातात, रेंजरचे वरून. त्यामुळे पाट्यांच्या बैठका कापून दुसऱ्या बाजूला नव्याने वेल्ड कराव्या लागतात. एक्सलची नळी जाड असल्याने यू-बोल्ट वेगळे लागतात. हातब्रेकच्या केबल व ब्रेकच्या नळ्या जुळवाव्या लागतात. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत एवढे फरक, तर दोन कंपन्यांच्या गाड्यांत किती असतील!

हात घालण्यापूर्वी

मापे आधी कागदावर घ्यावीत : चाकापासून चाकापर्यंतची रुंदी, पाट्यांमधील अंतर, बोल्टच्या भोकांचे वर्तुळ, प्रोपेलर शाफ्टची लांबी व कपलिंग, पिनियनचा कोन. बैठका वेल्ड करताना एकदम लांब टाका मारल्यास उष्णतेने नळी वाकते, मग एक्सल शाफ्ट व बेअरिंग टिकत नाहीत. थोडे थोडे वेल्ड करून, थंड होऊ देऊन, सरळपणा तपासत जावे.

फक्त गुणोत्तर बदलायचे असेल, तर क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावेत. एकाचा एक व दुसऱ्याचा दुसरा कधीही घालू नये. बॅकलॅश डायल गेजने मोजावा आणि रंग लावून दात्यांचा स्पर्श पाहावा. 'हाताला बरोबर लागते' एवढ्यावर सोडलेली जोडी लवकरच घरघर करू लागते. फोर-व्हील गाडी असेल तर पुढचे व मागचे गुणोत्तर एकच असले पाहिजे. मीटरची केबल गिअरबॉक्सवरून असेल, तर ४.५६ गुणोत्तरावर मीटर खऱ्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त वेग दाखवील. तेही दुरुस्त करून घ्यावे.

कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक्सल घेताना बिल घ्यावे. बिलाशिवायचा स्वस्त माल कोणाच्या चोरीस गेलेल्या गाडीचा असेल, तर त्यावरची कमाई हलाल कशी म्हणावी?

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरविलेल्या व नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेले गुणोत्तर व ब्रेक यांचाच विचार प्रथम करावा आणि आरटीओ व विमा कंपनीला लेखी विचारूनच काम सुरू करावे. तोंडी 'चालेल' अपघातानंतर कामाला येत नाही.

शेवटची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका गाडीमालकाने भक्कम एक्सल बसविला आणि दुसऱ्याच दिवसापासून पाचशे किलो माल जास्त भरू लागला. चढ सुटला; पण पुढचे ब्रेक, चेसिस व पाटे जुनेच होते. एका उतारावर पेडल तळाला गेले. हातब्रेक व दरडीच्या आधाराने गाडी थांबली, अल्लाहच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. त्याने नंतर आम्हाला सांगितले, "चूक एक्सलची नव्हती, माझ्या हावेची होती."

एक्सल बदलल्याने पासिंगचे वजन वाढत नाही. चढासाठी घेतलेला जोर जास्त माल भरण्यात खर्च केला, तर उतारावर तेवढेच संकट वाढते. गॅरेजवाल्या बांधवांनीही हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे, मागून नव्हे. मालातील ऐब लपवू नये ही आपली शिकवण. ती दुरुस्तीच्या कामालाही लागू आहे. गाडी ताब्यात देण्यापूर्वी मोकळ्या मैदानात रिकामी, मग अर्ध्या भाराने चालवून ब्रेक पाहावेत, आणि काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळून द्यावेत. घाटात समोरून येणाऱ्या एस.टी.तील माणसांचा जीवही आपल्या हातची अमानत आहे, हे विसरू नये.