हट्टी म्हटलेले लेकरू : संत झेली मार्तिन आणि आपण आया

चिंतनासाठी वाचन : लूक २:४१-५२



लग्न झाले, मुले झाली की प्रार्थनेला वेळ मिळत नाही, ही आपणा स्त्रियांची नेहमीची तक्रार. पहाटे उठून डबे करायचे, कामावर जायचे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे. रोझरीला बसलो की डोळे मिटू लागतात. मग वाटते, आध्यात्मिक जीवन हे सिस्टरांसाठी. आपण रविवारची मिस्सा चुकवली नाही म्हणजे झाले. ही समजूत कितपत बरोबर आहे, हे एका आईच्या जीवनावरून पाहू या.

झेलीचा जन्म १८३१ साली फ्रान्समध्ये झाला. तिला धर्मभगिनी व्हायचे होते, पण तिला प्रवेश मिळाला नाही. मग आलांसों या गावी तिने लेसचा व्यवसाय सुरू केला. बायका घरी विणून आणत ते तुकडे ती सुईने जोडत असे. १८५८ साली घड्याळे दुरुस्त करणाऱ्या लुई मार्तिनशी तिचा विवाह झाला. त्यांना नऊ मुले झाली. त्यांतील चार बालपणीच देवाघरी गेली. सर्वांत धाकटी म्हणजे आपली 'लिटल फ्लॉवर', लिझ्यूची संत तेरेजा. पत्नीचा व्याप वाढला तेव्हा, १८७० मध्ये, लुईने आपले दुकान विकले आणि तिच्या कामाला हातभार लावला. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नींना एकत्र संतपद दिले.

हे वाचून आपल्याला वाटेल, अशा घरात सारे सुरळीतच असणार. तसे नव्हते. तिसरी मुलगी लिओनी हिची आईला फार काळजी होती. अभ्यासात मागे, सांगितलेले ऐकायची नाही. झेलीची बहीण धर्मभगिनी होती, तिच्या मठातील शाळेतूनही लिओनीला परत पाठवण्यात आले. झेली रोज पहाटे मिस्सेला जात असे, या मुलीसाठी कळकळीने प्रार्थना करत असे. तरी मुलगी काही बदलेना.

पुढे १८७७ साली खरे कारण उघड झाले. वळण लावण्याच्या नावाखाली घरातली मोलकरीण लिओनीला धाक दाखवून आपल्या मुठीत ठेवत होती. मुलगी भीतीने गप्प होती. मोठ्या बहिणीच्या ते ध्यानात आले. एकाच छपराखाली राहून आईला ते दिसले नव्हते! त्या वेळी झेली स्तनाच्या कॅन्सरने आजारी होती. तिने मुलीला त्या धाकातून सोडवले, जवळ घेतले, ममतेने तिचे मन मोकळे केले. आता या मुलीसाठी जगायला हवे, असे तिला वाटू लागले. जून महिन्यात ती लूर्डला जाऊन आली, पण आजार बरा झाला नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, ४५ व्या वर्षी, तिचे निधन झाले. लिओनी तेव्हा १४ वर्षांची होती. पुढे मठात राहण्याचे तिचे तीन प्रयत्न फसले. १८९९ मध्ये चौथ्यांदा ती काँ शहरातील मठात गेली आणि १९४१ साली मरेपर्यंत तिथेच राहिली.

आपण इथे थोडे थांबू या. झेलीच्या प्रार्थनेत खोट नव्हती, तरी तिची चूक झाली. आजच्या वाचनातही पवित्र मारिया आणि संत योसेफ यांना वाटले की बाळ येशू सोबतच्या मंडळींत असेल; एक दिवसाची वाट चालल्यावर तो नाही हे कळले. ते मागे फिरले, तीन दिवसांनी तो सापडला. त्याचे उत्तर त्यांना समजले नाही, पण मारियेने सारे अंतःकरणात जपून ठेवले. चूक कधीच न होणे म्हणजे पावित्र्य नव्हे. चूक कळली की सबब न सांगता मागे फिरणे, ही आईची आध्यात्मिक वाढ. ती चर्चमध्ये सुरू होते आणि स्वयंपाकघरात कसाला लागते.

आपण किती सहज म्हणतो, 'हा हट्टीच आहे', 'ही आळशी आहे'. मुलासाठी नोव्हेना करतो, पण त्याला काय बोचते हे विचारायचे राहून जाते. एखादे मूल अचानक गप्प झाले, कोणाकडे जायला नको म्हणू लागले, तर त्याला रागावण्याआधी त्याचे ऐकू या. ज्याची भीती वाटते ती व्यक्ती कितीही मानाची असो, आधी मुलावर विश्वास ठेवू या. आणि हे एकट्या आईचे काम नाही. लुईप्रमाणे वडिलांनीही घरचा भार उचलला, तर आईला लेकराकडे पाहायला डोळे मोकळे राहतील.

या आठवड्यासाठी :
१. आपल्या घरात 'लिओनी' कोण आहे?
२. रोझरीनंतर टीव्ही किंवा मोबाईल हाती न घेता दहा मिनिटे तिच्याजवळ बसू या.
३. आपण अन्याय केला असेल, तर मुलाची क्षमा मागू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या घरातील न बोललेले दुःख पाहण्याची दृष्टी आम्हांला दे. आमच्या चुकांतून आम्हांला तुझ्याकडे आणि आमच्या लेकरांकडे परत ने. आमेन.