कथा आणि कथासंग्रह : पदव्युत्तर वाचनासाठी काही शिफारशी

मराठी कथेचे अध्यापन बहुधा प्रातिनिधिक संपादनांच्या आधारे होते. दहाबारा लेखकांची प्रत्येकी एक कथा, प्रारंभी संपादकाची प्रस्तावना आणि शेवटी लेखकपरिचय असे या संपादनांचे स्वरूप असते. कथावाङ्मयाचा विस्तार पाहता अशा संपादनांची गरज नाकारता येत नाही. मात्र त्यांच्यामुळे वाचनाची एक सवय रूढ झाली आहे, आणि तिचे परिणाम पदव्युत्तर पातळीवर ठळकपणे दिसू लागतात. लेखक म्हणजे त्याची अभ्यासक्रमातील कथा, असे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात तयार होते. एका तोंडी परीक्षेत जी. ए. कुलकर्णी यांच्या 'विदूषक' या कथेवर उत्तम बोलणाऱ्या विद्यार्थिनीला ती कोणत्या संग्रहातील, आणि त्या संग्रहातील आणखी कोणती कथा वाचली आहे, असे विचारले असता ती गप्प झाली. दोष तिचा नव्हता. तिच्या शिक्षकांनीही, ज्यांत प्रस्तुत लेखकाचा समावेश आहे, तिच्या हाती संग्रह कधी दिला नव्हता.

कथासंग्रह हे वाचनाचे आणि अभ्यासाचे स्वतंत्र एकक मानले पाहिजे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे. त्या अनुरोधाने काही संग्रहांची शिफारस येथे केली आहे. ही सर्वश्रेष्ठ संग्रहांची यादी नव्हे. संग्रह सलग वाचल्यावर सुटी कथा वाचताना न दिसलेले काही दिसते, एवढाच निवडीचा निकष आहे.

या भूमिकेवर एक आक्षेप सहज संभवतो. मराठी कथेचे पहिले घर नियतकालिक होय. हरिभाऊ आपट्यांच्या गोष्टी १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक'मधून वाचकांपुढे आल्या. त्यांच्या संग्रहाचे 'स्फुट गोष्टी' हे नावच त्यांचे सुटेपण मान्य करते. पुढे नवकथेची जडणघडण 'सत्यकथा'च्या पानांवर झाली आणि १९८२ मध्ये ते मासिक बंद पडेपर्यंत अनेक महत्त्वाच्या कथा तेथेच प्रथम वाचल्या गेल्या. मग संग्रह ही केवळ नंतरची बांधणी ठरत नाही काय? पुष्कळ संग्रहांच्या बाबतीत तसे म्हणता येईल. तथापि संग्रह सिद्ध करताना लेखक काही कथा घेतो, काही वगळतो, त्यांचा क्रम लावतो आणि पुस्तकाला नाव देतो. आपल्याच लेखनाचे हे त्याने केलेले वाचन असते. जेथे हे वाचन अर्थपूर्ण आहे, तेथे ते दुर्लक्षिणे म्हणजे लेखकाच्या कृतीचा एक भाग दुर्लक्षिणे होय.

प्रारंभ दिवाकर कृष्णांच्या 'समाधी व इतर सहा गोष्टी' (१९२७) या संग्रहापासून करावा. हैदराबादेत वकिली करणाऱ्या या लेखकाने मोजकेच लिहिले. कथानकाची बांधणी, उत्कंठा आणि कलाटणी देणारा शेवट या तंत्राची पकड मराठी कथेवर बसत असतानाच्या काळातील हा संग्रह आहे. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये आले, हे ध्यानात घेतल्यास या सात गोष्टींचे वेगळेपण उमगते. 'अंगणातला पोपट' ही एकच कथा वाचणाऱ्यास ती करुणरसाची एक नाजूक गोष्ट वाटते. सातही गोष्टी ओळीने वाचल्या की कारुण्य हा येथे सुटा परिणाम नसून, घटनेपेक्षा तिच्या मनातील पडसादांना महत्त्व देणारी ती एक कथनदृष्टी आहे, हे ध्यानात येते. गंगाधर गाडगीळ यांच्या 'मानसचित्रे' (१९४६) आणि 'कडू आणि गोड' (१९४८) या संग्रहांकडे येथून वळल्यास नवकथा पूर्वपरंपरेविना अवतरली, हा समज आपोआप सैल होतो. मनोव्यापारांचे चित्रण दोघांकडेही आहे. पण दिवाकर कृष्णांचा हळवेपणा गाडगिळांनी कटाक्षाने दूर ठेवला. हा फरक व्याख्यानातून सांगण्यापेक्षा संग्रह लागोपाठ वाचून अधिक नेमका कळतो.

व्यंकटेश माडगूळकर यांचे 'माणदेशी माणसं' (१९४९) हे पुस्तक व्यक्तिचित्रांचे की कथांचे, हा वाद जुना आहे. विद्यार्थ्याने त्या वादात शिरण्यापूर्वी पुस्तकाची अनुक्रमणिका लक्षपूर्वक वाचावी. धर्मा रामोशी, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस, शिवा माळी, शिदा चांभार, गणा महार, तांबोळ्याची खाला, रघू कारकून : नावाला जोडून जात किंवा व्यवसाय येतो आणि या नावांतूनच एका गावाची सामाजिक रचना उभी राहते. 'धर्मा रामोशी' किंवा 'झेल्या' धडा म्हणून वाचताना आपण एका माणसाच्या दारिद्र्याने किंवा एका मुलाच्या लळ्याने हेलावतो. ही रचना मात्र नजरेआड राहते. याहून महत्त्वाची बाब अशी की, याच ओळीत 'माझा बाप' हेही एक चित्र आहे. निवेदक शिकलासवरला आहे आणि गावाकडे काहीशा अंतरावरून पाहतो. परंतु आपल्या वडिलांना तो रामोशी आणि माळी यांच्याच रांगेत बसवतो. निवेदकाच्या सहानुभूतीत वरून पाहण्याचा भाव किती आणि आपलेपणा किती, या प्रश्नाची चर्चा या एका गोष्टीमुळे वेगळे वळण घेते. प्रस्तुत लेखकाने 'धर्मा रामोशी' कित्येक वर्षे शिकवली. ही अनुक्रमणिका त्याने पुष्कळ उशिरा वाचली.

बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या बाबतीत सुट्या वाचनाने झालेले नुकसान अधिक गंभीर आहे. शीर्षककथेचा नायक शिकलेला, रेल्वेत नोकरीला लागलेला, स्वाभिमानी तरुण आहे. जात लपवून राहिल्यामुळे त्याच्या वाट्याला आलेला छळ या कथेत येतो. अभ्यासक्रमांनी हीच कथा पुनःपुन्हा निवडल्याने दलित कथा म्हणजे शिक्षित पुरुषाच्या अपमानाची कथा, अशी धारणा बळावली. संग्रह वाचू लागताच ती टिकत नाही. 'बोहाडा'मध्ये गावाच्या उत्सवातील सोंग घेण्याच्या हक्काचा प्रश्न आहे. 'विद्रोह'मध्ये शिकलेल्या मुलावर बापाचे सफाईचे काम लादले जाते. 'वाटेवरची'मध्ये देहविक्रय करणारी आई आहे. 'गुंड'मध्ये महानगराच्या तळाशी असलेली हिंसा आणि तिच्यातली माणुसकी आहे. स्त्रिया, गुन्हेगार, फेरीवाले, सफाई कामगार अशा माणसांनी हा संग्रह गजबजलेला आहे. जात हा येथे एका व्यक्तीला सहन करावा लागणारा प्रसंग नाही. श्रम, शरीर, भूक आणि उत्सव या साऱ्यांना व्यापणारी ती व्यवस्था आहे. बागुलांची भाषा अतिरंजित आहे, अशी तक्रार काही वाचक करतात. त्यांनी संग्रह अखेरपर्यंत वाचून, ही भाषा कोणत्या अनुभवाचे मोजमाप करीत आहे, याचा विचार करावा. जोडीला अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा अवश्य वाचावी. खाणीचे काम बंद पडल्यावर मुंबईच्या उपनगरात प्रेतांच्या राखेत आणि मढ्यांत सोने शोधणारा भीमा बागुलांच्या माणसांचा जवळचा नातलग आहे.

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेचे दोन टप्पे पाडण्याची प्रथा आहे. 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२) यांतील वास्तव, कौटुंबिक, बेळगाव-धारवाड परिसराचा गंध असलेली कथा एकीकडे. 'काजळमाया' (१९७२) आणि 'रमलखुणा' (१९७५) यांतील रूपकात्मक, मिथककथेच्या वळणाची कथा दुसरीकडे. ही विभागणी शिकवायला सोयीची आहे. 'पिंगळावेळ' (१९७७) हातात घेतला की मात्र ती डळमळू लागते. या एकाच संग्रहात ग्रीक पुराणातील 'ऑर्फियस' आहे आणि पोरक्या मुलाला आधार देणाऱ्या तानीमावशीची 'कैरी'ही आहे. लेखकाने या दोन कथा एकाच पुस्तकात ठेवल्या. गेलेल्या माणसाला परत आणण्याची ऑर्फियसची धडपड आणि तानीमावशीचे त्या मुलावरचे प्रेम यांत काही संबंध आहे काय? माझ्या मते आहे. माणसाचा जिव्हाळा आणि त्याच्या हातात नसलेली नियती यांचा सामना दोन्हीकडे आहे. एकीकडे तो पुराणाच्या पातळीवर होतो, तर दुसरीकडे गावातल्या एका घरात. हे मत विद्यार्थ्याने मान्य करावे असा आग्रह नाही. परंतु हा प्रश्न संग्रह वाचणाऱ्यालाच पडू शकतो. 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत. त्या संग्रहाकडे 'पिंगळावेळ'नंतर जावे, म्हणजे तेथील दूरस्थ, निनावी प्रदेश अनोळखी वाटणार नाही.

गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया' (१९८०) या पुस्तकात तीन लेखनकृती आहेत : 'मध्य लटपटीत', 'कारावासातून पत्रे' आणि शीर्षककथा. यांना दीर्घकथा म्हणावे की लघुकादंबऱ्या, याविषयी एकमत नाही. साहित्यप्रकाराच्या चर्चेसाठी म्हणूनच हे पुस्तक उपयुक्त आहे. अधिक महत्त्वाचे म्हणजे स्त्रीच्या स्वातंत्र्याविषयीचा विचार येथे एका नायिकेच्या निर्णयावर थांबत नाही. तीन स्त्रिया, तीन प्रकारचे नातेसंबंध, निवेदनाच्या तीन रीती यांतून तो पुढे सरकतो, स्वतःलाच प्रश्न विचारतो. यांपैकी एकच कृती वाचून लेखिकेची स्त्रीविषयक भूमिका सांगणारे प्रबंध पाहावयास मिळतात. उरलेल्या दोन कृती वाचल्या असत्या, तर त्यांतील विधाने इतकी ठाम राहिली नसती.

अलीकडच्या कथेपैकी दोन संग्रह जोडीने वाचावेत. जयंत पवार यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' आणि आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हे दोन्ही संग्रह २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्याला २०१२ चा, दुसऱ्याला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवारांच्या कथेमागे १९८२ च्या गिरणी संपानंतर बदललेली मुंबई आहे. लोमट्यांच्या कथेमागे मराठवाड्यातील गाव आहे. पवार गोष्ट सांगण्याच्या कृतीशीच खेळतात, लोमटे संयमाने तपशिलावर तपशील रचत जातात. या दोन रीतींमधील अंतर हा चर्चासत्राचा उत्तम विषय होईल. 'आलोक'मधील गाव 'माणदेशी माणसं'मधील गावाशेजारी ठेवून पाहावे. तेथे माणसे होती, त्यांचे व्यवसाय होते. येथे सत्तेचे व्यवहार माणसामाणसांत शिरले आहेत. साठ वर्षांत ग्रामीण कथेचा केंद्रबिंदू कसा सरकला, हे या दोन पुस्तकांतून स्पष्ट व्हावे.

अखेरीस अध्यापकांसाठी एक सूचना. संपादित पाठ्यपुस्तक बदलणे आपल्या हाती नसते; पण प्रत्येक सत्रात एक संग्रह पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेणे शक्य असते. विद्यार्थ्यांना तीनच प्रश्न द्यावेत : शीर्षककथा कोणती आणि तिचेच नाव पुस्तकाला का दिले असावे? पहिल्या आणि शेवटच्या कथेत कोणते नाते दिसते? अभ्यासक्रमात नेमलेली कथा या संग्रहातून काढली, तर उरलेल्या पुस्तकाचे काय होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच होत नाही' असे आले, तर तो संग्रह केवळ बांधणी आहे असे खुशाल म्हणावे. वर शिफारस केलेल्या पुस्तकांच्या बाबतीत असे उत्तर येईल, असे वाटत नाही.