घर्षणाचा पाठ आणि घाटातील रेल्वे

शालेय विज्ञानात घर्षणबलाची ओळख बहुधा ‘गतीला विरोध करणारे बल’ अशी करून दिली जाते. परंतु पाठ तेवढ्यावरच संपला, तर घर्षण म्हणजे निव्वळ अडथळा, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. ज्या बलाच्या आधारे तो शाळेपर्यंत चालत आला, तेच त्याला अपरिचित राहते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील शिक्षकांना या पाठासाठी उदाहरण दूर शोधावे लागत नाही. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास आली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पोलादी रुळावरून पोलादी चाक घरंगळताना त्यास होणारा विरोध अत्यल्प असतो. म्हणूनच शेकडो टनांची गाडी एक इंजिन ओढू शकते. मात्र इंजिनाच्या चाकाला रुळावर पकड मिळते, तीही घर्षणामुळेच. ती अपुरी पडल्यास चाक जागच्या जागी फिरते व गाडी पुढे सरकत नाही.

कल्याणच्या पुढे कसारा ते इगतपुरी या थळ घाटात दर ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे. एक हजार टनांची गाडी तेथे सुमारे २७ टन भाराइतक्या बलाने मागे खेचली जाते. त्यामुळे अनेक गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. रूळ ओले असता पकड वाढविण्यासाठी चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय इंजिनात केलेली असते.

हेच तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. लाकडी ठोकळा ताणकाट्याने प्रथम फरशीवरून, नंतर गोणपाटावरून, मग कॅरमची पावडर टाकलेल्या फरशीवरून आणि शेवटी गोल पेन्सिलींवरून ओढावा. ठोकळा हलण्यापूर्वीची व हलू लागल्यानंतरची अशी दोन्ही वाचने मुलांनी नोंदवावीत. पहिले वाचन सामान्यतः अधिक आढळेल. ठोकळ्यावर तेवढेच वजन आणखी ठेवल्यास घर्षणही जवळजवळ दुप्पट होते. ताणकाटा नसल्यास रबराचा ताण पट्टीने मोजावा.

या पाठाचा खरा उपयोग पावसाळ्यात होतो. पहिल्या सरीत रस्त्यावरील तेल व धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. शाळेच्या पायऱ्या व हातपंपाचा ओटा यांवर शेवाळ धरते. गावात पाय कोठे घसरतो, याची पाहणी विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह करावी आणि ती यादी ग्रामपंचायतीकडे द्यावी. पंचायत सदस्यांनी त्या जागा वेळीच घासून खरबरीत करून घेतल्यास एखाद्या वृद्धेचे हाड मोडण्याचे टळेल, आणि पुस्तकातील बल गावाच्या कामी येते हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल.