सहीआधी संवाद

मेळघाटात अशक्त बाळाला धारणीहून अमरावतीला न्यायचे, हा निर्णय कोरकू आई सहसा एकटी घेत नाही. सासू, नवरा, कधी भुमकाही त्यात असतो. अशा वेळी घाईने अंगठा घेऊ नका, असे मी परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवते. न समजता होकार दिलेले घर भीतीपोटी उपचार अर्धवट सोडते. कोरकू जाणणाऱ्या आशाताईकडून धोका सांगा, शंका ऐका. आईचा होकार मात्र तिच्याच तोंडून घ्या.

बाळाला उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. ही ऊब बाप आणि आजीही देऊ शकतात. घरच्यांनी असा हात दिला, की रात्रपाळीच्या परिचारिकेचा ताणही हलका होतो.